केडलस्टन, १:२०० : मॉडेलच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२४

सरांचा कोल्हापूरहून फोन. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ‘इंग्लिश कंट्री हाऊस’ शिकवताना दरवर्षी त्याच चार स्लाइड दाखवून कंटाळलो, म्हणाले. “तू तिकडेच आहेस, एखाद्या घराचं मॉडेल करून पाठव. मुलांना हातात घेऊन उघडता आलं पाहिजे.” त्यांच्या मनात ब्लेनहाइम किंवा चॅट्सवर्थ होतं. मी केडलस्टन हॉल सुचवलं, डर्बीशायरमधलं कर्झन या जमीनदार घराण्याचं अठराव्या शतकातलं घर. नॉटिंगहॅमहून ते जवळ पडतं, डर्बीच्या वायव्येला सातेक किलोमीटरवर आहे. खरं कारण मात्र वेगळं आहे. याच घराच्या नकाशावरून निघालेली इमारत कोलकात्यात उभी आहे, म्हणजे मुलांना हा प्लॅन भारतात पाहता येतो. सर क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, “राजभवन? मग तेच कर.”

स्केल १:२००. उत्तरेची दर्शनी बाजू साधारण १०७ मीटर, म्हणजे मॉडेल साडेत्रेपन्न सेंटिमीटर. मोठं आहे, पण सुटं होणारं करता येईल. आई मे महिन्यात परत जातेय, तिच्या बॅगेतून जायला हवं.

१० फेब्रुवारी

आज कटर हातात घेतला नाही, वाचत बसले. कोणी काय बांधलं हे कळल्याशिवाय कुठला भाग कुठल्या तुकड्यात तोडायचा ते ठरत नाही.

कर्झन घराणं इथं बाराव्या शतकापासून आहे. नॅथॅनिएल कर्झनच्या हाती जहागीर आली १७५८ मध्ये. तेव्हा इथं १७०० च्या सुमाराचं लाल विटांचं घर होतं, अजून साठ वर्षंही न झालेलं. त्यानं ते पाडलं. पडायला आलेलं नव्हतं, फक्त त्याच्या मनातलं नव्हतं. याच डर्बीशायरमध्ये चॅट्सवर्थला कॅव्हेंडिश घराणं होतं, ते व्हिग पक्षाचं, कर्झन विरोधी टोरी पक्षाचे. शेजाऱ्याच्या तोडीचं घर पाहिजे, हा हिशेब त्यात होताच.

घरासोबत गावही हललं. जुनं केडलस्टन घराला अगदी लागून होतं. बागेतून दिसणारं दृश्य मोकळं हवं म्हणून गाव उठवून लांब वसवलं, रस्ताही फिरवला. उरलं ते फक्त चर्च, ऑल सेंट्स. ते आजही घराच्या कुशीला चिकटून आहे. मॉडेलच्या पाटावर चर्च ठेवायचं, हे आजच ठरवलं. ते नसेल तर इथं कधी गाव होतं हे कोणाला कळायचंही नाही.

आर्किटेक्ट तीन. मॅथ्यू ब्रेटिंगहॅमनं पलाडिओ या इटालियन आर्किटेक्टच्या व्हिला मोचेनिगोच्या धर्तीवर आराखडा केला: मधे मुख्य इमारत, चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र पॅव्हिलियन, म्हणजे छोट्या जोडइमारती, आणि त्यांना जोडणाऱ्या वक्र ओवऱ्या. मग जेम्स पेन आला. त्याच काळात रोमहून नुकताच परतलेला तिशीचा रॉबर्ट ॲडम बागेतल्या छोट्या इमारतींसाठी नेमला गेला. नॅथॅनिएलनं त्याची चित्रं पाहिली आणि १७६० मध्ये सगळं घरच त्याच्या हातात दिलं. बागेच्या कामासाठी आत शिरून घर ताब्यात घेणं, हे आमच्या धंद्यात आजही चालतं!

२४ फेब्रुवारी

साइटवर. फोटो हवे तेवढे मिळाले, मापं मात्र प्रकाशित प्लॅनवरूनच घेणार. लोकांच्या गर्दीत टेप लावून बसता येत नाही.

उत्तरेकडून आलं की पेनचा सहा खांबांचा पोर्टिको, म्हणजे दारापुढचा मंडप, समोर येतो. बाहेरच्या पायऱ्या चढून थेट पहिल्या मजल्यावर जायचं. खालचा मजला बुटका, नोकरचाकर आणि रोजच्या वर्दळीचा. वर पाऊल टाकलं की मार्बल हॉल.

या खोलीपुढे मी बराच वेळ हललेच नाही. साधारण वीस मीटर लांब, अकरा मीटर रुंद, बारा मीटर उंच. वीस कोरिंथियन खांब, प्रत्येक साडेसात मीटरच्या वर. नाव मार्बल हॉल असलं तरी खांब संगमरवराचे नाहीत. नॉटिंगहॅमशायरच्या अलाबास्टरचे आहेत, गुलाबी-तपकिरी शिरांचे. अलाबास्टर म्हणजे जिप्समच. नखानं ओरखडा उठेल इतका मऊ, आणि पावसात ठेवला तर हळूहळू विरघळणारा. बाहेर त्याचे खांब कोणी लावणार नाही. आतल्या खांबांवरच्या उभ्या पन्हाळ्यासुद्धा खांब उभे राहून बरीच वर्षं झाल्यावर, १७७० च्या दशकात, जागेवरच कोरल्या. तासणाऱ्याचा हात एकदा सुटला असता तर अख्खा खांब गेला असता.

भिंतीत एकही खिडकी नाही. उजेड सगळा छतातून येतो. प्राचीन रोमन घरातल्या मधल्या चौकाची आठवण व्हावी, असा ॲडमचा डाव. बाहेर फेब्रुवारीचं मळकट आभाळ होतं आणि आतले खांब तरी दुधासारखे उजळलेले. म्हणजे छत बंद केलं तर मॉडेल मेलं. झाकण काढता आलं पाहिजे आणि झाकणाला खऱ्या भोकांत पारदर्शक फिल्म हवी.

परतीच्या बसमध्ये मोजलं: खांब ३८ मिलिमीटर. वीसच्या वीस ३डी प्रिंटरवर. हातानं करण्याचा हट्ट नको.

२ मार्च

वक्र ओवऱ्या. कागदावर हा सगळ्यात सोपा भाग: दोन चतुर्थांश वर्तुळं. माउंटबोर्ड, म्हणजे मॉडेलचा जाड पुठ्ठा, मात्र वळत नाही, मोडतं. मागच्या बाजूनं दर तीन मिलिमीटरला अर्ध्या जाडीची उभी चीर दिली, मग ते बिनतक्रार वळलं. आतून कागदाची पट्टी फेविकॉलनं चिकटवली.

वळवता वळवता प्लॅन नीट उमजला. ईशान्येच्या पॅव्हिलियनमध्ये कुटुंब राहायचं. वायव्येच्या पॅव्हिलियनमध्ये स्वयंपाकघर. मधल्या भव्य इमारतीत रोज कोणी राहत नव्हतं! पूर्वेला संगीताची खोली, दिवाणखाना, ग्रंथालय. पश्चिमेला जेवणाचं दालन आणि राजेशाही पाहुण्यासाठीचा शयनकक्ष, ज्याच्या पलंगाचे खांब ताडाच्या झाडासारखे कोरलेत. जेवणाचं दालन बरोबर स्वयंपाकघराच्या बाजूला आहे, तरी ताट वक्र ओवरीतून चालत यायचं. वास आणि आग दोन्ही लांब राहतात. अन्न गरम राहत असेल असं मला वाटत नाही.

सरांना संध्याकाळी हे सांगितलं. ते लगेच म्हणाले, “म्हणजे सदर मधे, आणि घर बाजूला.” वाडा शिकवून शिकवून सरांचे केस पिकलेत. मुलांना हे एका वाक्यात कळेल.

९ मार्च

प्रिंटरचं नोझल तुंबलं. पॅव्हिलियनच्या भिंती कापल्या, बाकी काही नाही.

१७ मार्च

सलून, म्हणजे हॉलच्या मागचं वर्तुळाकार दालन. व्यास सुमारे १३ मीटर, जमिनीपासून घुमटाच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या गोल भोकापर्यंत, १९ मीटर. मॉडेलमध्ये साडेसहा आणि साडेनऊ सेंटिमीटर.

सगळे म्हणतात, हे रोमच्या पँथिऑन या प्राचीन गोल देवळावरून. म्हणून दोन्हींचे सेक्शन, म्हणजे उभे छेद, एकाच आकारात काढून एकावर एक ठेवले. पँथिऑनमध्ये व्यास आणि उंची जवळपास सारखी, ४३ मीटर. आत एक पूर्ण गोळा बसतो. ॲडमनं तो ताणला आहे, उंची व्यासाच्या जवळपास दीडपट. कारण साधं असावं. १३ मीटरच्या खोलीत तेच प्रमाण ठेवलं तर ती ठेंगणी वाटते. भव्यता आकारानं मिळत नसेल तर उंचीनं मिळवायची. पँथिऑनचा डोळा उघडा आहे, पाऊस आत पडतो. डर्बीशायरमध्ये तो चोचला परवडणारा नव्हता, इथं काच आहे.

भिंतीत कोनाडे आहेत आणि कोनाड्यांत प्राचीन वेदीसारखी दिसणारी वस्तू. त्या वेद्या म्हणजे बिडाच्या शेगड्या. दरवाजेसुद्धा भिंतीच्या गोलाईप्रमाणे वक्र. त्या काळच्या सुताराला सलाम.

घुमट दोन अर्धांत प्रिंट करतेय, म्हणजे अर्धा उचलून आत बघता येईल. गंमत अशी, की बाहेरून हा घुमट जवळपास दिसतच नाही. जवळ उभं राहिलं तर कठड्यामागे नुसती कड. आतल्या १९ मीटरची बाहेर खबर नाही. एलिव्हेशनवरून, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या चित्रावरून, घर शिकणाऱ्या मुलांसाठी हा धडा सेक्शनमधूनच समजेल.

३० मार्च

दक्षिणेची बाजू. एकाच घराच्या दोन तोंडांत इतका फरक मी दुसरीकडे पाहिला नाही. उत्तर पेनची: शिस्तीची, पलाडिओच्या पाठ्यपुस्तकातली. दक्षिण ॲडमची: मधे रोमच्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीची छाप, भिंतीपुढे सुटे चार खांब, वर पुतळे, आणि खाली दोन बाजूंनी वळत उतरणारा जिना. विजयाची कमान, पण युद्ध कुठलंच नाही. बागेत उतरायचं दार आहे ते. वरच्या लॅटिन लेखात नॅथॅनिएलचं नाव, १७६५ साल आणि हे घर मित्रांसाठी व स्वतःसाठी बांधल्याचा मजकूर. मित्र आधी, स्वतः नंतर. प्लॅनही तेच सांगतो.

पेनची दक्षिणेसाठीची कल्पना वेगळीच होती: खांबांनी वेढलेलं अर्धगोल दालन बाहेर काढायचं, आणि हॉल आणि त्या दालनाच्या मधे भव्य जिना. ॲडमनं जिना उडवला आणि दोन दालनं एकमेकांना भिडवली. पाहुणा चौकोनी, खांबांच्या, वरून उजळलेल्या खोलीतून सरळ गोल खोलीत जातो. ठीक, परिणाम जबरदस्त आहे. पण मग मुख्य जिना बाजूला ढकलला गेला आणि इतक्या मोठ्या घरात तो अगदी बेताचा वाटतो. मी असते तर पेनच्या बाजूनं मत दिलं असतं का? नाही. तरी जिना खटकतो.

या बाजूचे दोन पॅव्हिलियन कधी बांधलेच गेले नाहीत. खर्च झेपला नाही आणि चारांतले दोनच उभे राहिले. त्यामुळे उत्तरेकडून घर हात पसरून उभं असतं आणि दक्षिणेकडून पाहिलं तर मधलाच ठोकळा, बिनहातांचा.

मॉडेलमध्ये न बांधलेले दोन पॅव्हिलियन पारदर्शक ॲक्रिलिकचे करतेय. लेझरवर दिले.

१४ एप्रिल

कोलकाता. यासाठी वेगळं मॉडेल नाही, फक्त त्याच स्केलचा प्लॅन ट्रेसिंगवर, जो केडलस्टनच्या पाटावर अंथरता येईल.

आधी एक जुना किस्सा. १७७७ मध्ये डॉ. सॅम्युअल जॉन्सन केडलस्टन बघायला आले होते. अशी घरं तेव्हाही लोकांना दाखवली जात. इथल्या हाउसकीपर मिसेस गार्नेट पाहुण्यांना फिरवत आणि चित्रांची छापील यादी ठेवत. त्यांचं स्वतःचं तैलचित्रही या घरात आहे, हे मला हॉलमधल्या सगळ्या देवांच्या पुतळ्यांपेक्षा आवडलं. तर जॉन्सन घर बघून म्हणाले की याचा टाउन हॉल झकास होईल: खांबांच्या खोलीत न्यायाधीश बसतील, गोल खोलीत ज्युरी, आणि वरच्या खोलीत कैदी.

टोमणाच होता. पण पंचवीसेक वर्षांत तो निम्मा खरा ठरला.

१७९८ मध्ये लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन आला आणि त्याला कलकत्त्यातलं आपलं निवासस्थान हलकं वाटलं. १७९९ मध्ये काम सुरू, १८०३ च्या जानेवारीत नव्या वास्तूत मेजवानी. खर्च ६३ हजार पौंडांवर. कंपनीचे लंडनमधले संचालक भडकले, आणि १८०५ मध्ये वेलस्ली परत गेला. आर्किटेक्ट होता बंगाल इंजिनिअर्सचा कॅप्टन चार्ल्स वायट. त्याचा काका सॅम्युअल वायट केडलस्टनच्या बांधकामावर सुतारकीचा आणि देखरेखीचा माणूस होता, शिवाय केडलस्टनचे नकाशे छापून प्रसिद्ध झालेले होते. म्हणजे ही नक्कल कुठून आली याचं गूढ नाही. काम केलेल्या माणसाच्या घरातूनच आली.

ट्रेसिंग पाटावर ठेवलं आणि माझी ॲक्रिलिकची दोन पॅव्हिलियन भरून निघाली. कोलकात्यात चारही बांधली गेली. डर्बीशायरच्या जमीनदाराला जे पुरं करता आलं नाही, ते कंपनीनं बंगालच्या महसुलावर पुरं केलं. तिथं चारही टोकांच्या हवेचा उपयोग होतो, वक्र ओवऱ्यांतून वारा खेळतो. डर्बीशायरच्या थंडीत या प्लॅनची जी अडचण होते ती कोलकात्याच्या उकाड्यात सोय झाली. दक्षिणेला ॲडमची कमान नाही. अर्धगोल बाहेर आलेली खांबांची बाजू आणि वर घुमट आहे, म्हणजे पेनच्या बाद झालेल्या कल्पनेची बहीण. पेननं आपली चित्रं १७८३ मध्ये छापली होती. फाटकांच्या कमानी मात्र पुन्हा ॲडमच्या, लंडनजवळच्या सायन हाऊसच्या धर्तीवर. अलाबास्टर अर्थातच नाही. विटा आणि चुन्याचा घोटीव गिलावा. स्वयंपाकघर तर आवाराबाहेर. केडलस्टनपेक्षाही गार जेवण.

लॉर्ड व्हॅलेन्शिया नावाच्या प्रवाशानं तेव्हा वेलस्लीची बाजू घेतली: हिंदुस्थानावर राज्य राजवाड्यातून करायचं, हिशेबाच्या पेढीतून नव्हे, राजाच्या डोक्यानं, मलमल आणि नीळ विकणाऱ्या दुकानदाराच्या नव्हे. हे वाचून मी मोठ्यानं हसले. ज्या राजवाड्याची तो तारीफ करतोय त्याचा प्लॅन राजाच्या घराचा नाही, एका कंट्री हाऊसचा होता. पण त्याच्या म्हणण्यात एक खरेपणा आहे. केडलस्टनचा मधला भाग राहण्यासाठी नव्हताच. तो होता माणसाला पायऱ्या चढायला लावून, उंच खांबांखालून चालवून, लहान करण्यासाठी. इथं ते मित्रांसाठी होतं, तिथं संस्थानिकांच्या वकिलांसाठी. प्लॅनला फारसा बदल करावा लागला नाही.

आणि तारखा बघा. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. बाजीराव दुसऱ्यानं तैनाती फौज पत्करली आणि पुढच्याच महिन्यात वेलस्ली आपल्या नव्या हॉलमध्ये पाहुण्यांचं स्वागत करत होता. सप्टेंबरात त्याच्या भावानं असईला शिंद्यांची फौज मोडली. सरांना म्हटलं, मुलांसाठीच्या पत्रकात हे घालाच. पेशवाईच्या शेवटाची सुरुवात आणि या इमारतीचं उद्घाटन एकाच माणसाच्या एकाच हिवाळ्यातलं आहे, हे कोल्हापूरच्या पोरांना माहीत हवं.

२१ एप्रिल

घराण्याचा पुढचा, जास्त प्रसिद्ध माणूस. जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन, जन्म १८५९, याच घरात. १८९९ मध्ये व्हाइसरॉय होऊन तो कलकत्त्याला गेला आणि आपल्याच घराच्या नकलेत राहायला लागला. असा योग दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेला नाही. तिथं वीज आणि लिफ्ट त्यानंच आणली.

मराठी माणसाला तो कीचक म्हणून जास्त ओळखीचा. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं, प्रेक्षकांनी कीचक कोण ते बरोबर ओळखलं आणि १९१० मध्ये सरकारनं बंदी घातली. बंगालची फाळणी करणारा हाच. आणि १९०४ चा प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा करणाराही हाच. इंग्लंडमध्येही त्यानं टॅटरशॉल आणि बोडियमचे किल्ले पडझडीतून वाचवले. इमारतींवर त्याचं खरं प्रेम होतं; माणसांच्या बाबतीत तसं म्हणवत नाही.

केडलस्टनच्या तळमजल्यावर त्यानं आशियातून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. त्यात त्याच्या पत्नीचा, मेरीचा, १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळचा मोराच्या पिसांच्या नक्षीचा पोशाख. शिवण पॅरिसच्या वर्थची, पण जर आणि हिरव्या किड्यांच्या पंखांचं भरतकाम दिल्लीच्या कारागिरांचं. फलकाजवळ गर्दी असते ती याच्यासाठी. चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ बांधलेला भाग बॉडलीच्या डिझाइनचा. मॉडेलमध्ये चर्च एवढंसं आहे, त्यामुळे तो भाग म्हणजे नखाएवढा तुकडा. तरी वेगळा कापला.

दुसऱ्या महायुद्धात या घराच्या आवारात लष्कराचा तळ आणि शत्रूचे रेडिओ संदेश ऐकणारं केंद्र होतं. १९८७ पासून घर नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे. एवढं पत्रकात दोन ओळींत पुरे.

५ मे

पाट. तळं दाखवायचं की नाही यावर अडले होते. तळं, तीन कमानींचा पूल आणि काठावरचं मासेमारीचं घर हे सगळं ॲडमचं, १७७० च्या आसपासचं. त्या मासेमारीच्या घरात वरच्या खिडकीतून बायकांनी उन्हात न जाता गळ टाकायचा, खाली होड्या आणि गार पाण्यात डुंबायची जागा. ओढा अडवून तळं करायचं, मग तळ्यासाठी पूल, मग पुलासाठी दृश्य. अंतर मात्र स्केलमध्ये बसत नाही, पाट दीड मीटरचा होईल. म्हणून तळं वगळलं आणि मासेमारीच्या घराचं वेगळं छोटं मॉडेल १:१०० मध्ये केलं. खरं तर करायची गरज नव्हती. आवडलं म्हणून केलं.

मुख्य मॉडेल जोडून झालं. झाकण उचललं की हॉल, अर्धा घुमट काढला की सलून. टॉर्च वरून धरली तर खांबांच्या सावल्या बरोबर पडतात.

१२ मे

सर विचारत होते, न बांधलेले पॅव्हिलियनही पांढरेच करून टाक, मुलांना प्लॅन पूर्ण दिसेल. नाही म्हटलं. पूर्ण प्लॅन हवा असेल तर ट्रेसिंग आहे, आणि त्यावर कोलकाता लिहिलंय. “बरं बाई,” म्हणाले.

पॅकिंग: मधली इमारत एका खोक्यात, सभोवती आईच्या सुती साड्या. पॅव्हिलियन आणि ओवऱ्या दुसऱ्यात, ॲक्रिलिकचे दोन वेगळ्या कागदात, ओरखडे पडतात म्हणून. खांब हॉलमध्ये पक्के चिकटलेत, पण तीन जादा प्रिंट करून पाकिटात ठेवलेत. पाटाचे दोन भाग, मधे बिजागरी. सरांसाठी चिठ्ठी: घुमट उचलताना डोळ्यात बोट घालू देऊ नका, फिल्म फाटते. आधी उत्तरेच्या पायऱ्यांवरून मुलांची नजर आत न्या, मगच झाकण काढा. ट्रेसिंग सगळ्यात शेवटी.